वाफवलेले मूग घेऊन भरीत खायला

कुमुदचा निरोप आला तो आवाजी होता, सतरा सेकंदांचा. "रविवारी रावेरला नानाच्या शेतात भरीत आहे. यायचं असेल तर शुक्रवारी धुळ्याला ये, बरोबर जाऊ. आणि विजे, डबा घेऊन आलीस तर शेताबाहेर बसवीन."

मी हा निरोप चार वेळा ऐकला. दीड वर्षात कुमुदने आपणहून माझ्याशी केलेलं हे पहिलं बोलणं. त्याआधी मी फोन केला तर उचलायची नाही, आणि उचललाच तर "काय, आज गवत खाल्लं का?" एवढं विचारून ठेवून द्यायची.

कुमुद आणि मी धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अकरा वर्षं शेजारशेजारच्या बोर्डांवर बसलो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीच्या जोरावर लागलेली. ती रावेरच्या केळीवाल्या घरातली, आवाजाच्या जोरावर लागलेली. पुढे माझी नाशिकला बदली झाली, ती धुळ्यालाच राहिली, पण मैत्री चाळीस वर्षं टिकली. बिघडली ती दोन वर्षांपूर्वी मी सुधारल्यावर. तीन महिन्यांची साखर वर गेली, डॉक्टरांनी दम दिला, आणि मी तेल, मैदा, भात, गोड सगळं सोडलं. रोज पहाटे आठ हजार पावलं. अकरा किलो उतरले. आणि कुमुद माझ्यावर उखडली. ती माझ्यावर जळते, असा माझा निष्कर्ष होता. मी तो आमच्या मैत्रिणींना फोन करकरून कळवलाही होता.

निघण्यापूर्वी मी इंटरनेटवर एक लेख वाचला. तुमच्या निरोगी सवयींचा मित्रांना राग येत असेल तर काय करावं, यावर. त्यातले उपाय वहीत उतरवून घेतले. मोड आलेले मूग वाफवून डब्यात भरले, डबा शालीत गुंडाळला आणि शाल पिशवीच्या तळाशी घातली. सहासष्ट वर्षांच्या बाईने मूग लपवून न्यावेत, ही वेळ माझ्यावर कुमुदने आणली, असं मी त्या वेळी स्वतःला बजावलं.

शुक्रवार: नाशिक ते धुळे, आणि सोनगीर

नाशिकहून धुळ्याला एसटीने जावं. रस्ता उत्तम आहे, बायकांना अर्धं तिकीट पडतं, आणि मालेगावला गाडी थांबते तेव्हा खिडकीशी येणारे वडे नाकारून मला स्वतःचा अभिमान वाटून घेता येतो. साडेतीन तास.

कुमुद स्टँडवर आली होती. मिठी वगैरे नाही. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "काठी झाल्येस. चल."

तिने गाडी ठरवली होती, तीन दिवसांसाठी. दुपार मोकळी होती म्हणून सोनगीरला गेलो. धुळ्यापासून अर्ध्या तासाच्या आत, हमरस्त्याला लागूनच. टेकडीवर जुना किल्ला आहे, म्हणजे होता; आता तटाचे तुकडे आणि एक विहीर उरली आहे. गावात तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे लोक आहेत, घेण्यासारखं ते आहे. चढायला वीस मिनिटं लागतात. बूट घाला, काटे फार आहेत.

कुमुदने पायथ्याशी चहाच्या टपरीवर बैठक मारली आणि भजी मागवली. मी माझं घड्याळ पावलं मोजण्यासाठी सज्ज केलं आणि निघाले. मागून टपरीवाल्या बाईचा आवाज आला.

"आक्का, तुमनी मैतरीन एवढा उन्हात कथी चालनी? येडी शे का?"

"येडी नही," कुमुद म्हणाली, "नाशिकनी शे."

वर पोचले. वारा चांगला होता. महामार्गावरचे ट्रक खेळण्यासारखे दिसत होते. मी चढले हे बघायला वर एक शेळी होती, तिनेही पाठ फिरवली. खाली उतरून मी वहीतला पहिला उपाय काढला. वाक्याची सुरुवात आरोपाने न करता 'मला वाटतं' अशी करायची.

"कुमुद, मला असं वाटतं की..."

"तुला काय वाटतं ते मी चाळीस वर्षं ऐकत्ये," ती म्हणाली आणि शेवटचं भजं तोंडात टाकलं.

रात्रीच्या जेवणाला तिच्या घरी शेवभाजी होती. लालभडक, वर तेलाचा तवंग इतका की त्यात स्वतःचा चेहरा बघून पदर नीट करता यावा. मी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं तसं हसून, मान किंचित कलती करून "नको, थँक्यू" म्हणाले. इंग्रजीत हा सभ्यपणा असतो. धुळ्यात तो यजमानिणीच्या तोंडावर मारलेला दरवाजा असतो. एवढी वर्षं खानदेशात नोकरी करून मला हे कळायला हवं होतं. कुमुदने वाढायचा डाव पातेल्यात सोडला आणि म्हणाली, "बाईसाहेबांना काकडी चिरते."

काकडी मी खाल्ली. फार उत्तम होती असं सांगितलं. ते जरा जास्तच झालं असावं.

शनिवार: धुळे ते जळगाव

पारोळा, एरंडोल करत दोन तासांत जळगाव. रस्ता आता चौपदरी आहे. दोन्ही बाजूंना कपाशी, शेवटची वेचणी चाललेली. कुमुद गाडीत पुढे बसली होती, त्यामुळे मला तिच्या अंबाड्याशी संवाद साधावा लागला. दुसरा उपाय: सीमा स्पष्ट आखा. मी म्हटलं, "माझ्या ताटावर कोणी बोललेलं मला चालणार नाही." अंबाडा म्हणाला, "आणि आमच्या ताटावर तू बोललेलं?"

मी कधी बोलले, असं मी विचारलं. अंबाड्याने ड्रायव्हरला रेडिओ लावायला सांगितलं.

जळगावात दुपारी भरिताच्या दुकानात गेलो. थंडीच्या दिवसांत अशी दुकानं गल्लोगल्ली असतात. किलोवर भरीत मिळतं, सोबत कळण्याच्या पुऱ्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या. दोघींना अर्धा किलो पुरे. मी काउंटरवरच्या माणसाला जरा तेल कमी घालायला सांगितलं.

त्याने माझ्याकडे फार दयेने बघितलं. "ताई, आम्ही भरितात तेल टाकत नाही. तेलात भरीत टाकतो."

कुमुद हसली. त्या प्रवासात पहिल्यांदा हसली, आणि मलाही हसू येत होतं. पण मी निषेध म्हणून ते दाबलं. कुठल्याही लेखात हे सांगितलेलं नाही, तरी सांगते: मैत्रीण हसली की आपणही हसावं. तेवढी संधी घालवून मी मुक्कामाच्या हॉटेलात गेले, खोलीत दार लावून मूग खाल्ले आणि त्यांना किंचित वास येऊ लागलाय हे स्वतःपासूनही लपवलं.

रविवार: रावेर

सकाळी सातला निघालो. नशिराबाद, भुसावळ, तापीचा पूल, मग फैजपूर, सावदा. सावद्यानंतर केळीशिवाय काही दिसत नाही. डावीकडे सातपुडा निळसर, आणि रस्त्यावर घडांनी भरलेले ट्रॅक्टर. ते ओलांडायची घाई करू नका, वेळ ठेवून निघा.

नाना म्हणजे कुमुदचा थोरला भाऊ. सत्तरी ओलांडलेला, पांढरी टोपी, हात बांधावरच्या लाकडासारखे. शेतात चुली पेटल्या होत्या. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर हिरवी लांबोडी वांगी भाजत होती, आणि कुमुदने गाडीतून उतरताच पदर खोचला. भाजलेली वांगी लाकडी बडगीत घालून मुसळाने ठेचायची, ते काम या घरात तिचं.

मला नाना बाग दाखवायला घेऊन गेला. केळीच्या रांगांत चालताना पानांचा आवाज सतत डोक्यावर असतो, कागद फाटल्यासारखा. घड चांगले धरले होते. मी कौतुक केलं.

"आता हाये," नाना म्हणाला. "मांगच्या वर्षीच्या जूनमधी हा बठ्ठा तुकडा आडवा झाला होता, ताई. अर्ध्या तासाचं वारं. एक झाड उभं नव्हतं. कापणीले आठ दिवस राहिले होते."

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, "तुम्ही बायांनी लय धीर दिला तवा. कुमुदनं तुमच्या ग्रूपवर फोटो टाकला होता ना? मले काही सुधरत नव्हतं, ती खाटेजवळ बसून एकेकीचं वाचून दाखवे. तुमचं तर दोनदा वाचलं तिनं. 'नाना, मुळं जागेवर हायेत, बाग पुन्हा उभा राहीन.' मी लक्षात ठेवलं ते."

मी असं काहीही लिहिलेलं नव्हतं.

एका झाडाआड जाऊन मी फोन काढला. आमच्या एक्स्चेंजच्या नऊ जणींचा ग्रूप. मागे मागे सरकत गेले, सणांच्या शुभेच्छा, नातवंडं, पुन्हा सण, आणि मग जून. फोटो होता. झोपलेला बाग, आणि मध्ये नाना पाठमोरा उभा. खाली कुमुदचं एकच वाक्य: "आमचं सगळं गेलं."

त्याच्या लगेच खाली माझा निरोप. कुठून तरी आलेला, मी न वाचता पुढे ढकललेला: केळं म्हणजे सालीत गुंडाळलेली साखर, आजच ताटातून हद्दपार करा. आणि शेवटी माझी स्वतःची भर: "मी केव्हाच केलं! तुम्ही कधी करणार?" त्यानंतर इतर सात जणींचे धीराचे शब्द. संध्याकाळी पुन्हा मी, वजनकाट्याच्या फोटोसकट. आणि रात्री, कुमुद ग्रूपमधून बाहेर पडल्याची सूचना.

वरचा फोटो मी बघितलाच नव्हता. मी ग्रूपवर वाचायला जात नसे. उपदेश टाकायला जात असे.

परत चुलीपाशी आले. कुमुद बडगीसमोर बसून ठेचत होती. मी शेजारी बसले. वहीतले उपाय एकाएकी फार शहाणे आणि फार निरुपयोगी वाटले, कारण ते सगळे समोरच्याचं चुकतंय असं धरून लिहिलेले होते.

"तू मला तेव्हाच का नाही झापलंस?"

मुसळ थांबलं नाही. "नानानं सांगितलं?"

"त्याला काहीच माहीत नाही. त्याने माझे आभार मानले."

"मग घे आभार. आणि त्याला काही सांगायचं नाही."

"मला वाटलं तू माझ्यावर जळतेस."

आता मुसळ थांबलं. "कशावर? तुझ्या हाडांवर?" तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "तू काय खातेस नि काय नाही, मला काय करायचंय, विजे? दगड खा. पण तुला त्या दिवशी एक फोन करता आला नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडलेस."

सॉरी हा शब्द शाळेने माझ्याकडून दिवसातून वीस वेळा म्हणवून घेतला, त्यामुळे त्यात काही जीव उरलेला नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं. फार वाईट चुकलं."

तिने आणखी एक वांगं बडगीत टाकलं आणि म्हणाली, "त्या मिरच्या दे इकडे."

मिरच्या दिल्या. लसूण सोलला. तिने वाटलेलं सगळं भरितात घातलं, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून चरचरीत फोडणी, आणि मी एक शब्द बोलले नाही. माझ्या मानाने हे भरीत खाण्यापेक्षा अवघड होतं. फोडणी पडण्याआधी तिने वाटीभर बाजूला काढलं होतं, ते माझ्यासमोर आदळलं. "हे बिनतेलाचं. खा."

जेवणं झाल्यावर नाना घरासाठी राखलेल्या घडातली पिकलेली फणी घेऊन आला. आधी पाहुण्यांना, म्हणजे मला. मी दोन्ही हात पुढे केले. त्या क्षणी मी डझनभर खाल्ली असती, साखर गेली चुलीत.

"तिले अर्धं दे, नाना," कुमुद मागून म्हणाली. "डॉक्टरचं हाये तिचं."

खरं सांगायचं तर डॉक्टरांनी केळं बंद करायला कधी सांगितलंच नव्हतं. प्रमाणात खा म्हणाले होते. प्रमाण ही गोष्ट माझ्या स्वभावात नसल्यामुळे मी बंदी घातली. कुमुदने केळं मोडलं, अर्धं मला दिलं आणि अर्धं स्वतः खाल्लं. "मला कोणी डॉक्टर नाही," ती नानाला म्हणाली.

घरी

तीन दिवसांत वजन चारशे ग्रॅम वाढलं. हा आकडा मी कोणालाही कळवलेला नाही. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही विचाराल. खानदेशात जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, वांगी तेव्हाची. पथ्य असेल तर पाळा, यजमानिणीला आधी फोन करून साधं सांगा, बिनतेलाचं बाजूला काढणं त्यांना जड नसतं. मी अजूनही पहाटे चालते. ग्रूपवर गेले की आधी वर सरकून सगळं वाचते, आणि मग बहुतेक वेळा टाकण्यासारखं काही उरत नाही.

काल कुमुदचा फोन आला. "पुढल्या आठवड्यात डोळे दाखवायला नाशिकला येत्ये. तुझ्याकडे दोन दिवस. मला चहात साखर लागते, दोन चमचे, घरात नसणारच तुझ्या. आणून ठेव. आणि पहाटे उठवलंस तर बघ."

साखर आणली आहे. दुसरा चमचा टाकताना ती मुद्दाम माझ्याकडे बघणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचं ठरवलंय. बाहेर बघण्यासारखं काही नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. तीच बघेन.