वाळूत अडलेला वायू

“झालं रिकामं, बाबा. उघडा आता.”

हे मीच म्हटलं होतं.

मी धारला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बाबा देवासला राहतात. त्यांची सगळी उमर तिथल्या कारखान्यांत लेथवर गेली. मला प्रयोगासाठी जाड पोलादी नळकांडं हवं होतं, भरपूर दाब सोसणारं. बाहेरून यायला वर्ष लागणार होतं. बाबा म्हणाले, “नक्शा दे बेटा, मी करतो.” त्यांनी ते केलं, पाणी भरून दुप्पट दाबाला तपासलं आणि स्वतः बसने धारला आणून पोहोचवलं.

समुद्राच्या तळाशी गाळाच्या बारीक पोकळ्यांत थंडी आणि दाब मिळून एक गंमत घडते. पाण्याचे रेणू वायूभोवती पिंजरा बांधतात आणि बर्फासारखा पदार्थ तयार होतो. त्याला हायड्रेट म्हणतात. ऊब लागली किंवा दाब उतरला की पिंजरा मोडतो आणि वायू सुटतो. समुद्रात बहुतेक मिथेन असतो. तो पेट घेतो, म्हणून मी कार्बन डायऑक्साइड घेतला होता. नर्मदेची वाळू धुऊन, ओली करून नळकांड्यात ठासली, थंड पाण्याच्या टाकीत ते बुडवलं आणि वायू भरला.

तीन दिवस काही झालं नाही. मी वर्गात शिकवतानाही मनाने दाबमापकाच्या काट्यापाशी असायचे. चौथ्या दिवशी दाब उतरू लागला आणि आतलं तापमान किंचित वर चढलं. वायू पिंजऱ्यात जात होता, आणि पिंजरा बांधताना उष्णता बाहेर पडते. मी बाबांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी हजर.

मे महिना होता. त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास लाइट गेली आणि टाकी थंड ठेवणारं चिलर बंद पडलं. बाबांनी वीज कंपनीत फोन लावला, “भिया, लाइट कब तक आएगी?” तिकडून उत्तर आलं, दो-तीन घंटे. टाकीचं पाणी तापू लागलं आणि दाबाचा काटा चढू लागला. आतले पिंजरे मोडत होते. दाब अवाच्या सवा वाढला तर सुटण्यासाठी वर सेफ्टी व्हॉल्व्ह होता, पण तेवढा धीर मला धरवला नाही. मी वरच्या नळीचा व्हॉल्व्ह हाताने उघडला. वायू फुस्स करत बाहेर पडला, मग आवाज बारीक झाला, थांबला. काटा शून्यावर. तेव्हा मी ते वाक्य बोलले.

बाबांना हायड्रेट डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी पाना घेतला आणि झाकणाच्या नटाला लावला. त्यांचं तोंड बरोबर झाकणाच्या वर.

मी वहीत शेवटचं तापमान लिहायला वळले. वाळूच्या मधोमध बसवलेला थर्मामीटर साडेसहा अंश दाखवत होता आणि तिथेच अडून होता. माझा हात थांबला. दाब खरोखर गेला असता तर हायड्रेट भराभर मोडलं असतं, वाळूची उष्णता ओढून घेतली असती आणि तापमान शून्यापर्यंत कोसळलं असतं. साडेसहा अंशांवर हायड्रेट टिकून आहे म्हणजे दाबही टिकून आहे. दाबमापक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, दोन्ही वरच्याच नळीवर होते. मी घाईने वायू सोडला तेव्हा नळी गार पडून आत बर्फाचं बूच बसलं होतं. शून्य होतं ते फक्त बुचाच्या बाहेर.

“बाबा, हात काढा!”

“काय झालं?”

“हात काढा आधी! मागे या!”

मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. त्यांनी पाना नटावरून अलगद उचलला आणि दोन पावलं मागे आले. नट किती फिरला होता ते मी विचारलं. “थोडासाच,” ते म्हणाले. थोडासा म्हणजे किती, हे मला अजूनही कळलेलं नाही.

खिडक्या उघड्या होत्याच. मी त्यांना भिंतीआड उभं केलं. वरच्या नळीला ऊब द्यायची सोय नव्हती. बूच एकदम सुटलं तर गोळीसारखं उडतं. नळकांड्याच्या तळातून निघालेली खालची नळी मात्र टाकीबाहेर, उबेत होती. तिला लांब रबरी पाइप लावून तोंड खिडकीबाहेर सोडलं आणि बाजूला उभं राहून खालचा व्हॉल्व्ह केसभर उघडला. वायू आला. मला रडूच आलं. बंद केला, थांबले, पुन्हा केसभर उघडला. घाई केली तर हीसुद्धा नळी गोठणार होती.

भिंतीआडून बाबा विचारत, “आता किती?”

“पाच अंश.”

“कमी होतंय ना? मग चांगलं की वाईट?”

“चांगलं. आता थंड व्हायलाच पाहिजे.”

चार, अडीच, एक. मग शून्याजवळ तापमान बराच वेळ रेंगाळलं. लाइट आली तरी मी चिलर लावलं नाही. साडेपाचला आतलं तापमान खोलीएवढं झालं, वरचं बूच वितळून नळीतून पाणी टपकलं, आणि दोन्ही नळ्या उघड्या ठेवूनही वायू येईना. तेव्हा झाकण मी उघडलं, बाबांना हात लावू दिला नाही. आत नुसती ओली वाळू. बघायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना सगळं लिहून दिलं, माझी चूक धरून. प्रयोग दोन महिने बंद राहिला. बाबांनी नळकांड्याला खालून दुसरा दाबमापक आणि दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून दिला.

झाकण उघडलं त्याच संध्याकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले होते. ते म्हणाले, “समुद्रातला वायू कुणी असाच वरून काढायला गेलं आणि खाली तो अडलेला असला तर?”

“तिथे फार सावधपणे करतात, बाबा.”

“तू पण सावधच होतीस की,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. इंदूरला बदलून देवासला जायचं होतं. इंदूरची गाडी लागली, ते चढले आणि खिडकीतून त्यांनी मला घरी जायची खूण केली. गाडी निघेपर्यंत मी तिथेच उभी होते.