कॉलनीतली पानगळ आणि माझा खड्डा

फाल्गुनात लातूरच्या आमच्या कॉलनीत रोज सकाळी धूर. कडुनिंबाची, पिंपळाची पानं झाडायची, ढीग करायचा, काडी लावायची आणि दारं-खिडक्या लावून आत खोकत बसायचं. शिकलेली माणसं ही! मी पत्रकं वाटली, पानं जाळू नका म्हणून. पत्रकंही ढिगात गेली.

मग घरमालकिणीला विचारून माझ्या भाड्याच्या खोलीमागं खड्डा घेतला. पानांचा थर, वर माती, शेणकाला, तांदूळ धुतलेलं पाणी. दोन आठवड्यांनी हात घातला तर आतून गरम! पानं कुजायला लागली होती.

त्याच दिवशी उमरीहून आई आली. माझे शेणानं भरलेले हात बघून दारातच थांबली.

"याच्यासाठी शिकविलं का तुला? गावाची घाण उचलायची सोडली, तवा बुद्ध धम्म घेतला आपल्या लोकांनी."

"आई, घाण न्हाई, खत हाय."

"तुला खत दिसतंय. लोकांना काय दिसतंय, ते बघ."

मी वैतागले. कॉलनीत कोण असला विचार करतंय, म्हणाले.

संध्याकाळी समोरच्या बंगल्यातल्या काकू आईला भेटायला आल्या, भिंतीवरचा बुद्धाचा फोटो निरखून गेल्या. दुसऱ्या दिवशी फाटकातून हाक आली, "ए पोरी, आमच्या अंगणातली पानं बी झाडून ने. झाडू तिथंच हाय."

"काकू, पानं तुमची, तुम्हीच झाडा. टोपली घेऊन या, थर कसा लावायचा ते दाखविते."

"अगं, आम्हाला कुठं जमतंय? तुम्हा लोकांना सवय असती."

सवय! मी एम.ए. केलं, झाडू फक्त माझ्या खोलीत मारला. आणि सवय मात्र जन्मानंच अंगाला चिकटलेली!

"बुजव तो खड्डा," आई म्हणाली.

बुजवला नाही. मी का बुजवू? भिंतीवर कागद लावला: ज्याची पानं, त्यानंच आणून टाकायची. काकूंनी धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या डोक्यावर टोपली पाठवली. ती भरलेली टोपली मी स्वतः उचलून काकूंच्या पायरीवर ठेवून आले. "एवढा माज?" त्या म्हणाल्या. व्हय, एवढाच.

परतले तर आई खड्ड्याशी उभी.

"वरची पानं कोरडी राहिलीत," ती म्हणाली. "खालीवर कर. फावडं कुठंय?"

मी फावडं घेऊन आले. समोर काकूंनी टोपलीतल्या पानांना काडी लावली होती. आईनं पदर नाकाला बांधला आणि फावडं माझ्या हातातून घेतलं.