दसऱ्याला रंगवलेलं चाक

नव्वदच्या दशकात मी नाशिकजवळच्या एका दगडाच्या खाणीवर फिटर होतो. दसऱ्याला आमच्याकडे गाड्यांची पूजा जोरात व्हायची. त्या वर्षी मला हुक्की आली. मोठ्या डंपरची पुढची चाकं उतरवून मी रिमला आणि रिम जिथं टेकते त्या ड्रमलाही लाल रंगाचे दोन-दोन हात दिले. झेंडूची माळ घातल्यावर डंपर नवरदेवासारखा दिसला. मी स्वतःवरच खूश होतो.

तिसऱ्या दिवशी डंपर चालवणारे काका म्हणाले, "भाऊ, भरून उतरताना स्टेअरिंग लय थरथरतं. हाडं खिळखिळी झाली माझी."

मी रिमला चिकटलेला चिखल खरवडला, टायरची हवा तपासली, स्प्रिंगचे पाटे पाहिले. नटांना मात्र हात लावला नाही. ते मी स्वतः, पान्याला पाइप लावून आवळले होते. माझ्या कामावर शंका? छे! "रस्ताच खराब आहे काका, चालवा बिनधास्त," असं सांगून मोकळा झालो.

आठवडाभर रोज तेच गाऱ्हाणं. शेवटी वैतागून मी म्हटलं, "चला, मीच बसतो शेजारी."

दगड भरून डंपर टेकडीच्या उताराला लागला आणि मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. काकांच्या हातात स्टेअरिंग थडथडत होतं, पायाखालचा पत्रा कापत होता. माझ्या बाजूला कठडा नव्हता, सरळ खाली खाणीचा खड्डा. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. "थांबवा काका!" एवढंच ओरडलो.

चाकांना दगड लावले आणि पुढच्या चाकाच्या एका नटाला हात लावला. तो बोटांनी फिरला. दुसराही फिरला. जॅक लावून चाक उतरवलं, तर रिम आणि ड्रमच्या मध्ये माझ्या लाल रंगाचे पापुद्रे सुटले होते. रंग दबून झिजला, तेवढी फट पडली आणि नट ढिले झाले. रस्त्याचा काही दोष नव्हता.

तिथंच बसून मी रंग खरवडायला लागलो.

"काका, एवढं थरथरत होतं तर गाडी चालवलीत कशाला?"

"भ्या तर लय वाटायचं," शेजारी उकिडवे बसलेले काका म्हणाले. "पण तुम्ही म्हणले ना, चालवा बिनधास्त. नट तुम्ही आवळलेले, मंग मी कशाला पाहू?"

मी दुसरंही चाक उतरवून सगळा रंग खरवडून काढला. चाकं चढवून मी नट आवळले आणि पाना काकांच्या हातात दिला.

"आता तुम्ही बघा."