घाट चढून बटण दाबायला

शहरातले पाहणीवाले बुलढाण्याला आले होते. लोकांच्या घरातलं मत टीव्हीवर विचारणार होते. आमच्या गावातून त्यांनी मला आणि माझ्या सुनेला, सुनंदाला, बोलावलं. टीव्ही माझं मत कसं विचारतो ते पाहायचं होतं, म्हणून गेले.

सुनंदाला बुलढाण्यात राहून बालवाडीच्या बाईचं शिक्षण घ्यायचं आहे, असं गावात बोलत होते. घरी विचारलं की ती म्हणे, "तुमी म्हनान तसं, आत्याबाई." मी नको म्हणत होते. मग भाकरी कोण थापणार?

राजूर घाटात मला मळमळायला लागलं. खिडकीपाशी एक गृहस्थ बसले होते. त्यांना उठा म्हटलं. त्यांनी "काऊन?" (का) विचारलं. काऊन ते त्यांच्या धोतराला लगेच कळलं.

वर हवा गार होती. स्टँडवर आलूबोंडा (बटाटेवडा) खाल्ला आणि रिकामं झालेलं पोट परत भरलं.

शाळेच्या खोलीत मधे कापडी पडदा लावला होता. दोन्हीकडे एकेक टीव्ही, त्याला जोडलेला कॉम्प्युटर, आणि दोन बटणं, हिरवं नि लाल. पाहणीवाल्या बाई म्हणाल्या, मनात असेल ते दाबा, कोणाला कळणार नाही. इकडे मी बसले, पडद्यापलीकडे सुनंदा.

टीव्हीत एक सासू भाकरी थापत होती. भाकरीपेक्षा बांगड्यांचाच आवाज जास्त. तिची सून म्हणाली, मला शिकायला जायचंय. तिथं चित्र थांबलं. जाऊ द्यायचं तर हिरवं, नाहीतर लाल. मी लाल दाबलं. सून रडायला लागली. आपण दाबू तसा सिनेमा पुढं जातो, हे तेव्हा कळलं.

तेवढ्यात पडद्यापलीकडं एस.टी.ची घंटी वाजली, गाडी सुरू झाली, आणि तीच टीव्हीतली सून हसत "येते हो" म्हणाली.

मी पडद्याकडं पाहिलं.

बाईंनी विचारलं, कसं वाटलं?

"मशीन चांगलं हाय," मी म्हणाले. "पडदा बदला."

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "तुही (तुझी) सून तं गेली गाडीत बसून."

"ते टीव्हीतली व्हती, आत्याबाई."

"अन् बटन कोनं दाबलं?"

घाट लागला तसं तिनं मला खिडकीपाशी बसवलं. मग म्हणाली, "तुमची लय रडत व्हती."

एका चुलीवर इतकी वर्षं काढली, आणि सुनेच्या मनातलं ऐकायला घाट चढावा लागला. पुढच्या सोमवारी सुनंदा बुलढाण्याला गेली. भाकरी मी थापते. टीव्हीतल्या सासूपेक्षा बऱ्या होतात.