खालची बाजू

बारकी हे नाव तिला पडलं तेव्हा ती खरोखरच बारकी होती. आता चाळिशीला टेकली होती, पिठाचं पोतं एकटी उचलून खांद्यावर टाकायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ज्या इटालियन रेस्टॉरंटात ती भट्टी सांभाळायची तिथंही मालकापासून वेटरपर्यंत सगळे तिला बारकीताईच म्हणत.

त्या दिवशी बारकीताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सलग सुट्ट्या आल्या होत्या आणि आज घरी चूल पेटवायची नाही असं सगळ्या शहरानं जणू एकमतानं ठरवलं होतं. दाराबाहेरची रांग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. आत टेबलं इतकी खेटून लावलेली की एकानं खुर्ची मागे सरकवली तर दुसऱ्याला पोट आत घ्यावं लागे. पण गर्दीचं तिला काही नव्हतं. गर्दी बघून तिला उलट चेव यायचा. खरी गोष्ट अशी की आज तिचे बाबा जेवायला येणार होते, तिच्या भट्टीवरचं खायला, पहिल्यांदाच.

बाबांचा जन्म भट्टीपुढे गेलेला. स्वतःची बेकरी होती, हाताखाली माणसं होती, आणि पाव कसा झालाय हे त्यांना कापून बघावं लागत नसे. उचलायचा, उलटा करायचा, तळाशी बोटानं टकटक करायचं आणि कान लावायचा. पोकळ आवाज आला की झाला. पाहुण्यांकडे गेले आणि पुढ्यात केक आला तरी ते आधी खालून वाकून बघायचे, आणि आई त्यांना टेबलाखालून कोपर मारायची.

बारकी हे बघतच मोठी झाली. तिलाही भट्टीवर उभं राहायचं होतं. बाबांनी राहू दिलं नाही. "भट्टी म्हणजे पोरींचं काम नाही. हात भाजून घेशील," म्हणाले आणि विषय संपला. सगळ्या आशा दादावर, आणि दादाला पीठ बघितलं की शिंका यायच्या. तो विमा कंपनीत जाऊन खुर्चीवर बसला, बाबा थकले, बेकरीला कुलूप लागलं. बारकी या रेस्टॉरंटात भाज्या चिरायला लागली आणि सरकत सरकत भट्टीपाशी पोचली. हात भाजले, ते बाबा म्हणाले होते तसंच. पण ती काही तिथून हलली नाही.

बाबांना मात्र याचं कौतुक म्हणून नव्हतं. कुणी विचारलं तर "हॉटेलात असते" म्हणून मोकळे व्हायचे. एकदा तर तिच्या तोंडावर म्हणाले, "वरून एवढं सगळं थापल्यावर खालचा पाव कोण बघतंय? त्याला काय भट्टीचं काम म्हणायचं?" हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. उलट बोलायला तिची जीभ काही लुळी नव्हती, पण बाबांपुढे ती नेमकी टाळ्याला चिकटायची. आज तिला एवढंच हवं होतं, की बाबांनी तिच्या कामाला भट्टीचं काम म्हणावं. शब्द कुठलाही चालला असता.

"आले!" तुफान ओरडला. तुफान म्हणजे तिथला वेटर. चालणं त्याला माहीतच नव्हतं. "खिडकीजवळ बसवलंय. आजोबांनी मेन्यू बघितलाच नाही, मिटून ठेवला."

भट्टी उघडीच होती, जेवणाऱ्यांना दिसेल अशी. बारकीनं मान उंच केली. आई नव्या पर्सला मांडीवर कवटाळून बसली होती. दादा ऑफिसचा पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता, सुट्टीच्या दिवशी. आणि बाबा ताठ बसून भट्टीकडे बघत होते. तिच्याकडे नाही, भट्टीकडे.

तिच्या छातीत असं धडधडायला लागलं की तिला वाटलं, हे आता बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल. पीठ कालपासून मुरत ठेवलं होतं. पिझ्झ्याचा गोळा घेतला, बोटांनी मधून दाबत कडेकडे नेला, वर टोमॅटो, चीज, बेसिलची चार पानं. भट्टीच्या लांब दांड्याच्या फावड्यावरून आत सरकवला. ठेवला तिथून ती हलली नाही. तुफान मागून तीन ऑर्डरी ओरडून गेला, तिनं ऐकल्या न ऐकल्यासारख्या केल्या. कड फुगली, चीज खदखदलं. फावड्यानं किंचित उचलून तिनं खालून बघितलं आणि बाहेर काढला.

"पळ," ती तुफानला म्हणाली. "आणि पडलास तर परत येऊ नकोस."

तुफान पोचला. ताट बाबांपुढे ठेवलं. आईनं घरून निघताना बाबांना सतरा गोष्टी बजावल्या होत्या. मोठ्यानं बोलायचं नाही, वेटरला शुक्‌शुक्‌ करायचं नाही, भुरके मारायचे नाहीत. पण जे बजावायला हवं होतं ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाबांनी चष्मा वर सरकवला, दोन्ही हातांनी पिझ्झा अलगद उचलला आणि जन्मभराच्या सवयीनं उलटा केला.

सगळं वरचं खाली आलं. टोमॅटो दादाच्या शर्टावर, चीज आईच्या पर्सवर, आणि एक पान उडून शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या पाण्यात. आई "अगंबाई!" म्हणून ओरडली. कोपऱ्यातलं एक पोरगं खिदळलं, त्यासरशी सगळेच हसायला लागले. दादाचा चेहरा शर्टावरच्या डागाइतकाच लाल झाला होता.

बाबांना यातलं काही ऐकू आलं नाही. ते उलटा पिझ्झा डोळ्यांजवळ धरून बसले होते. खालचे काळे-तांबूस ठिपके बघत होते. मग त्यांनी बोटानं टकटक केलं, आणि कान लावला.

मालक धावत पोचले. भर सुट्टीत असा तमाशा त्यांना परवडणारा नव्हता. "साहेब, काही सापडलं का आत? केस वगैरे? आत्ताच्या आत्ता बदलून देतो!"

"थांबा हो," बाबा म्हणाले. त्यांना आवाज ऐकायचा होता.

इकडे भट्टीपाशी बारकीचा जीव टांगणीला लागला. मालक वाकून काही बोलले, बाबा मान हलवत होते, पण हो की नाही, इथून काही कळेना. तिला एकदम रडूच आलं, आणि रडू आल्याचा रागही. एवढ्यात तुफान परत आला, तो पहिल्यांदाच चालत.

"काय म्हणाले? बोल की!"

"म्हणाले..." तुफान डोकं खाजवत होता. "कारागिरांना माझा निरोप सांगा. एक नुसता भाजून द्या म्हणावं. वर काही घालू नका. मालक म्हणतायत मेन्यूत असलं काही नाही, तर आजोबा म्हणाले, कारागिरांना विचारा, ते देतील."

बारकीनं फावडं भिंतीला टेकवलं. बेकरीत बाबांच्या हाताखाली किती माणसं आली आणि गेली, ती सगळी त्यांच्या तोंडी 'पोरं'च राहिली. 'कारागीर' हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात फक्त आपल्या म्हाताऱ्या उस्तादाला लावला होता. दादाला तर कधीच नाही.

"मेन्यू गेला खड्ड्यात," ती म्हणाली आणि पिठाच्या डब्यात हात घातला. वर काहीच नाही म्हणजे लपायला जागा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि गंमत म्हणजे तिला भीतीच वाटेना. हात नुसते नाचत होते. भाजून निघाला तो फुगलेला, नुसता, उघडा. तुफानच्या ऑर्डरींतले तीन अजून आत भाजत होते. मालक तरातरा येत होते तोच तिनं फावडं त्यांच्याच हातात दिलं.

"जरा बघा भट्टीकडे. आले मी."

"अहो बारकीताई, मी? मला काय कळतंय यातलं!"

ती तोवर टेबलांमधून वाट काढत निघाली होती, पिठानं भरलेल्या ॲप्रनसकट. लोक खुर्च्या ओढून तिला जागा देत होते. तिनं ताट ठेवलं. बाबांनी या वेळी उलटा केला नाही. कड तोडली, तोंडात घातली आणि सावकाश चावायला लागले. आई काही विचारायला गेली तर हातानंच गप्प केली. शेजारच्या बाईंनीसुद्धा काटा खाली ठेवला.

"पीठ कधी मळलं होतंस?" बाबांनी विचारलं.

"काल सकाळी."

"एवढा वेळ ठेवून आंबट कसं नाही झालं? माझं व्हायचं."

आजवर बाबांनी तिला पीठ किती, पाणी किती, चटका लागला तर काय लावायचं ते सांगितलं होतं. विचारलं कधीच काही नव्हतं.

"फ्रिजच्या थंडीत मुरवते बाबा. त्यातही एक युक्ती आहे. घरी आल्यावर सांगते."

"घरी कशाला? आत्ता सांग." त्यांनी पायानं खुर्ची बाहेर सरकवली. "बस."

"बारकीताई!" भट्टीपासून मालक कळवळून ओरडले. "एकाची कड काळी पडतेय! काढू का? किती काढू?"

"काढा, काढा!" बारकी तिकडे न बघताच म्हणाली, आणि खुर्चीत बसून बाबांना सांगायला लागली.