उंबऱ्यावरून हाक

आमच्या ह्यांना झोपेतून उठवायची एक रीत हाय. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं आणि नावानं हाक मारायची. आत पाऊल टाकायचं नाय, अंगाला हात तर मुळीच लावायचा नाय. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं, धोंडुबाईनं, पहिल्याच दिवशी हे शिकवलं. मी नवी नवरी, नवऱ्याचं नाव घेऊ कशी? तर घोगऱ्या, बसक्या आवाजात म्हणाली, "लाज गुंडाळून ठेव गो हौसा, आणि काळुराम म्हणून हाक मार."

तिच्या गळ्याला बारा महिने फडकं. लोकांना सांगायची, मिठागरावर ओरडून घसा गेला. खरं काय ते मला एकटीला सांगितलं. हे पलटणीत शिकून पहिल्यांदा सुट्टीवर आले, दुपारचे निजले होते. ही मिठागरावरून आली, लेकाला बघून जीव भरून आला, केसांतून हात फिरवला. ह्यांनी झोपेतच तिचा गळा धरला. शेजारच्या दोघांनी ओढलं तेव्हा सुटला. आवाज गेला तो गेलाच.

ह्या गोष्टीवर हे जन्मात एकदाच बोलले. "तिथं शिकवलेलं हातांना येतं गो. मला इचारत नाय."

नोकरी सोडून पेणला गणपतीच्या कारखान्यात लागले. डोळ्यांची आखणी करतात. गिऱ्हाईक म्हणतं, काळुरामच्या हातचे डोळे मायाळू. असतीलच! माणूस वाईट नव्हताच कधी.

तर आमचा जनू वीस वर्षांचा झाला आणि पलटणीत जायचं म्हणून हटून बसला. माझं माहेर रोह्याचं. भावानं सगळ्यांना दुपारच्या खेळाला लढाईचा सिनेमा दाखवायला नेलं. पडद्यावर पोरांची डोकी भादरली, शिकवणाऱ्या उस्तादानं एका जाड्या पोराला बेडूकउड्या मारायला लावल्या. थेटर हसून लोटपोट. मग गवताच्या बाहुल्याला संगिनी भोसकताना पोरं किंचाळत होती, तर शिट्ट्या काय, टाळ्या काय! पुढं तो जाड्या शिपाई होऊन सुट्टीवर येतो, खाटेवर निजतो, आई केसांतून हात फिरवते. हा डोळे मिटूनच तिचा हात गालाखाली घेतो. सगळ्या बायका नाकाला पदर लावून बसल्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खाली बघत होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

बाहेर आल्यावर जनूनं इचारलं, "बाबा, असंच असतं ना तिथं?"

हे म्हणाले, "बेडूकउड्या असतात."

झालं! एवढंच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मीच जनूला सगळं सांगितलं. तो हसला. "आये, आजीनं मला स्वतः सांगितलंय, मिठागरावर घसा गेला. मी डोलवीला कंपनीत चिकटावं म्हणून तू काय पण रचतेस."

"अहो, सांगा ना त्याला!" मी ओरडले. हे कुंचला धुवायला मोरीवर गेले. मी मागनं गेले तर म्हणतात, "आईनं मरताना शपथ घातलीय. नातवाला कळू देऊ नको म्हणाली. त्याला तुझी भीती वाटायला नको, म्हणाली."

मेलेल्या माणसाची शपथ सोडवायची कुणी? इज्जत झाकायला म्हातारीनं फडकं बांधलं, आणि त्याच फडक्यानं आमची तोंडं बांधली. जनू भरती झाला. गावानं हार घातला, पेढे मीच वाटले. रडू येत होतं, तर बाया म्हणाल्या, आनंदाचं रडू.

गणपतीच्या आधी तो सुट्टीवर आला. वाळलेला, काळवंडलेला. जेवून आतल्या खोलीत निजला. चहा झाला तशी मी उठवायला गेले. बापाची रीत बापाला, लेकाला मी लहानपणापासून केसांतून हात फिरवूनच उठवलेलं. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि मागून पदर ओढला गेला. हे होते. ओटीवर मूर्ती आखत बसलेले, कुंचल्यासकट उठून आलेले.

"थांब," म्हणाले. मग उंबऱ्यावरूनच हाक मारली, "जनू."

पोरगं ताडकन उठलं. दोन्ही हात पुढं, बोटं वाकडी. डोळे उघडे, पण आम्ही कोण ते त्याला ठाऊकच नाय. ह्यांनी परत नाव घेतलं, हळू. तेव्हा कुठं हात खाली आले. त्यानं हातांकडं बघितलं, मग बापाकडं, मग माझ्या गळ्याकडं.

"आये," म्हणाला, "तू पण तिथूनच हाक मारत जा."