फोलाकेच्या मुलाखतीसाठी गॉलवेपर्यंत

मला समुद्र बघायचा होता आणि फोलाकेला नोकरी हवी होती, म्हणून २०२१च्या जूनअखेरीस आम्ही दोघी एकाच गाडीतून गॉलवेला निघालो.

फोलाके ड्रोहेडात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहते. मूळची नायजेरियातल्या लागोसची, वीस वर्षं आयर्लंडमध्ये. वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. गॉलवेजवळच्या एका वृद्धाश्रमाला शुश्रूषा करणाऱ्या सगळ्यांवर एक प्रमुख नेमायची होती, त्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. कोरोनामुळे आलेली दुसऱ्या जिल्ह्यात जायची बंदी नुकतीच उठली होती. ती म्हणाली, "एकटी गेले तर वाटेत विचार करून करून आजारी पडेन. तुम्ही चला."

माझं सांगायचं तर, आमचे हे गेले आणि चार महिन्यांनी, २०२०च्या फेब्रुवारीत, मी साताऱ्याहून लेकीकडे, केतकीकडे आले. पुढच्याच महिन्यात सगळं बंद झालं. व्हिसाची मुदत इथलं सरकारच वाढवत गेलं आणि मी राहिले. शाळा माझी सातवीपर्यंत. बाकी सगळं वाचून आलं, इंग्रजीसुद्धा. फोलाकेशी मी इंग्रजीतच बोलते, इथे मराठीत लिहिते आहे. ती मला 'मामा केतकी' म्हणते, म्हणजे केतकीची आई. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, असं सांगितलं तर म्हणाली, "मग तर भाचीची जबाबदारी तुमच्यावरच."

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. ड्रोहेडाहून मोठ्या रस्त्याने डब्लिनकडे न जाता नवन, मलिंगार, अॅथलोन असं गेलं तर शेतं, दगडी बांध आणि मेंढ्या बघत जाता येतं. वेळ थोडा जास्त लागतो. अॅथलोननंतर मोठा रस्ता लागतो, एक टोल आहे. आम्हाला थांबत थांबत चार तास लागले. गाडी फोलाकेने आदल्या दिवशी आतून बाहेरून धुतली होती. वेगाची पाटी शंभरची असेल तर ती अठ्ठ्याण्णवने चालवते. प्रवासालाही इस्त्रीचा ब्लाउज आणि कानात मोती. मी म्हटलं, "अगं, मुलाखत उद्या आहे." ती म्हणाली, "माझी रोजच असते."

तेव्हा मला वाटलं, गंमत करते आहे.

वाटेत आम्ही तयारी केली. मी मुलाखत घेणारी बाई झाले. तिने प्रश्न लिहून आणले होते, मी चष्मा लावून वाचत होते. एक प्रश्न असा होता: एखाद्या म्हाताऱ्याने सांगितलं की मला काळ्या बाईचा हात लावून घ्यायचा नाही, तर काय कराल? तिने पाठ केलेलं उत्तर अगदी मऊ आवाजात म्हणून दाखवलं: "मी समजून घेईन. मी मनाला लावून घेणार नाही."

"खरंच लावून घेत नाहीस?"

"मामा केतकी, तुम्ही फक्त लिहिलेलं वाचा."

अॅथलोनला शॅनन नदीवर थांबलो. हॉटेलात आत बसायला अजून परवानगी नव्हती, म्हणून नदीकाठच्या बाकावर सूप आणि तपकिरी पाव खाल्ला, दोघींचे मिळून सतरा युरो. मग केळी घ्यायला एका दुकानात गेलो. आता माझी चूक सांगते. साताऱ्याच्या मंडईत आपण भाजी थेट आपल्या पिशवीत टाकतो आणि मग पैसे देतो. सव्वा वर्ष झालं तरी हाताची ती सवय गेलेली नाही. केळी आणि बिस्किटांचा पुडा मी माझ्या कापडी पिशवीत टाकला आणि सावकाश फिरत राहिले. फोलाकेने काही घेतलंच नव्हतं. तिचे दोन्ही हात रिकामे, खिशापासून लांब.

रखवालदार आला तो सरळ तिच्याकडे. "मॅडम, जरा पर्स बघू?"

मी पुढे झाले. "अहो, माल माझ्या पिशवीत आहे! ही बघा केळी!"

"यू आर ग्रँड, लव्ह," म्हणजे तुमचं काही नाही हो, असं तो मला हसून म्हणाला आणि तिचीच पर्स बघत राहिला. मास्कमुळे फोलाकेचं हसू दिसत नव्हतं, म्हणून ती डोळे बारीक करून, मान हलवून हसते आहे हे त्याला दाखवत होती. माझा तोल गेला. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, आवाज चढलेला. लोक थांबून बघायला लागले. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

पर्समध्ये काही सापडलं नाही, मी केळ्यांचे पैसे दिले आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर तिने मास्क काढला. ती रागावली होती आणि तो राग माझ्यावर होता.

"तुम्ही ओरडता. तुम्ही छोट्याशा, साडीतल्या आजी. तुमचं ते विसरतात. लक्षात मी राहते. उद्या मला शांत चेहऱ्याने जायचं आहे आणि आज त्या दुकानात एक भांडकुदळ काळी बाई होती, असं सगळे घरी जाऊन सांगतील. मी एक शब्द बोलले नाही तरी."

मी माफी मागितली. मग आणखी एक सांगायचं राहिलं होतं तेही सांगितलं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये ती आमच्या फाटकाशी, काही आणून हवंय का, असं विचारायला आली होती. त्या वेळी मी गळ्यातली साखळी झटकन ब्लाउजच्या आत ढकलली होती.

"बघितलं होतं मी," ती म्हणाली. "म्हणून तर दोन्ही हात फाटकावर ठेवले. तुम्हाला दिसावेत म्हणून."

तिने गाडी सुरू केली आणि आम्ही गॉलवेच्या रस्त्याला लागलो.

गॉलवेत सॉल्टहिल भागात खोली घेतली होती. दोघींना नव्वद युरो, सकाळच्या नाश्त्यासह. संध्याकाळी समुद्राकाठी चालायला गेलो. ह्यांनी समुद्र एकदाच पाहिला, रत्नागिरीला, आणि पाण्यात न शिरता चपला हातात धरून उभे राहिले होते. मला ते तसेच दिसले. फोलाके माझ्या बाजूने सावकाश चालत राहिली. तिचाही नवरा गेलेला आहे.

तिथे रिवाज असा की चालत टोकाला पोचलं की शेवटच्या भिंतीला लाथ मारायची आणि परत फिरायचं. लहानथोर सगळे मारतात. मीही पाय लावला, आणि लावल्याबरोबर सवयीने वाकून भिंतीला नमस्कार केला. फोलाके इतकी मोठ्याने हसली की बाकावरचे लोक वळले. तिने लगेच तोंडावर हात ठेवला. सव्वा वर्षात तिचं खरं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

सकाळी उठले तर ती खोली आवरत होती. चादरींच्या घड्या, बेसिन पुसलेलं, आरशावर एक डाग नाही.

"अगं, पैसे दिलेत ना आपण?"

"हे मालकिणीसाठी नाही. माझ्यासारखी दिसणारी दुसरी बाई इथे खोली मागायला येईल ना, तिच्यासाठी."

मी दुसरं फडकं घेतलं.

वृद्धाश्रमाच्या बागेत मी पाऊण तास थांबले. ती बाहेर आली आणि तशीच चालत गाडीपाशी गेली. "गेली नोकरी," म्हणाली.

तो प्रश्न खरंच आला होता. पाठ केलेलं उत्तर तोंडाशी आलं आणि तिने ते गिळलं. ती म्हणाली, "मी त्यांना सांगितलं की ज्यांची मुलं दारातून आत येऊ शकत नव्हती, त्यांचे हात मी वर्षभर धरलेत. कोणी नको म्हटलं तर मी दुसऱ्या कोणाला पाठवीन, सभ्यपणे. पण मला ते लागतं. माझ्या हाताखालच्या मुलींनाही लागेल. त्यांनी ते गिळावं असं मी त्यांना शिकवणार नाही. अशा वेळी तुमची संस्था काय करते, ते मला आधी सांगा."

"कोणत्या आवाजात सांगितलंस?"

"माझ्या."

मला वाटलं तिला मिठी मारावी, आणि मी मारलीच. परतीचा रस्ता तोच होता, पण तिने गाणी लावली आणि काचा खाली केल्या. अॅथलोनला मात्र आम्ही थांबलो नाही.

आठवड्याने तिला फोन आला. नोकरी तिला मिळाली. त्यांनी असंही सांगितलं की तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, ते तिनेच येऊन लिहून काढावं.

मी धावत जिन्यापाशी गेले आणि वर काम करणाऱ्या केतकीला हाक मारून सांगितलं. ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "फोलाकेला? प्रमुख म्हणून? खरंच?"

"का गं? कोणाला मिळायला हवी होती?"

"आई, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"माहीत आहे. खाली ये आणि तिच्याकडे जाऊन तिला काय ते म्हण."

ती गेली.

ऑगस्टमध्ये फोलाके गॉलवेला जाईल. माणूस गेलं की घर कसं वाटतं ते मला कोणी सांगायला नको. पण हे जाणं निराळं आहे, याचे पेढे वाटायचे असतात. दुधाची भुकटी आणून मी ते केले आणि कागदात बांधून गल्लीत वाटले. पोस्टमनने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, आमची फोलाके वृद्धाश्रमात सगळ्यांची प्रमुख झाली. "फेअर प्ले टू हर," तो म्हणाला, म्हणजे शाब्बास तिची, आणि आणखी एक पेढा मागितला.